बोअरात आसरा कुठं बसणार?

मागच्या आठवड्यात आमच्याकडे पाणी यायचा दिवस होता. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, पहाटे साडेचारला नळात हवेचा आवाज आला की सगळं घर उठतं, मोटर लागते, पिंपं, बादल्या, कळश्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची कारण पुढचे चार-पाच दिवस त्याच्यावरच काढायचे असतात. मी बाल्कनीतलं निळं पिंप घासून पाईप सोडून आत आले, चहा टाकला, आणि परत जाऊन बघते तर माझी लेक, वय वर्षं नऊ, माझ्या जुन्या हिरव्या लेगिंगच्या एकाच पायात स्वतःचे दोन्ही पाय कोंबून पिंपात उभी, गळ्यापर्यंत पाणी.

"काय करायलीस गं? पिण्याचं पाणी हाय ते!"

"आई, मी जलपरी हाय."

शाळेत फॅन्सी ड्रेस आहे म्हणे. ते पाणी मग कपड्यांना वापरलं, पिंप परत भरलं, नशीब नळ अजून चालू होता. केस पुसताना तिनं विचारलं, आपल्या सोलापुरात जलपरी नसती का? मी सवयीनं बोलून गेले की नसते, आपल्याकडे समुद्र कुठाय. ती गप्प बसली. मी मात्र दिवसभर ऑफिसात अस्वस्थ होते, कारण मी पोरीशी खोटं बोलले होते. आपल्याकडे आहेत की. एक नाही, सात आहेत. आणि हीच पोरगी सव्वा महिन्याची असताना मी तिला पदराखाली घेऊन त्यांना भेटवून आणलंय.

साती आसरा. काही ठिकाणी मावलाया म्हणतात, काही ठिकाणी नुसतं जलदेवता. आसरा हा शब्द अप्सरेवरून आलाय आणि अप्सरा म्हणजे अप् मध्ये, पाण्यात वावरणारी. आपण सिनेमा-सिरियल बघून अप्सरेला इंद्राच्या दरबारात नाचायला उभी केली पण मूळची ती पाण्याचीच. शतपथ ब्राह्मणात उर्वशीची गोष्ट आहे, पुरूरवा तिला शोधत शोधत कुरुक्षेत्राजवळच्या एका कमळांच्या तळ्याशी येतो तेव्हा ती मैत्रिणींबरोबर पाणपक्ष्याच्या रूपात तळ्यात पोहत असते. किती सुंदर आहे हे! राजा काठावर वेडापिसा आणि बायका पाणपक्षी होऊन तरंगायल्यात.

तर आमच्या आसरा. माझं आजोळ सीनेकाठी, मोहोळच्या बाजूला. तिथं आज्जीची विहीर होती. सातबाऱ्यावर आजोबांची, पण आम्ही सगळे आज्जीचीच म्हणायचो. आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी, खाली काळा पाषाण फोडलेला, वर घडीव दगडाचं बांधकाम, एका अंगाला मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं तसंच राहिलेलं. मोट माझ्या जन्माआधीच बंद पडली होती, मग इंजिन आलं, मग लाईटची मोटर. उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले लांब दगड, तेच जिने, एका हातानं भिंत धरून उतरायचं. सहाव्या दगडाशी कोनाडा आणि कोनाड्यात सात खडे. अंगठ्याएवढे. शेंदूर लावून लावून एवढे गुळगुळीत झालेले की मूळ दगड कुठला हे नखानं खरवडल्याशिवाय कळलं नसतं, आणि खरवडायची कोणाची हिंमत नव्हती. शेजारी जरा मोठा आठवा दगड, तो म्हसोबा, आज्जी म्हणायची भाऊ आहे त्यांचा, राखणीला बसलाय.

आज्जी अमावस्येला उतरायची. नऊवारीचा काष्टा घट्ट, एका हातात ताटली, ताटलीत दहीभात, लिंबू, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. खडे पदरानं पुसायची, लहान लेकराचं तोंड पुसल्यासारखे, कानाकोपऱ्यातनं. मग एकेकीला चिमूट हळद, चिमूट कुंकू. नावं घ्यायची नाही. सगळ्यांना मिळून "बायांनो" म्हणायची. "बायांनो, पोरं पवायला येत्याली, सांभाळा."

नावं मला फार नंतर पुस्तकात सापडली आणि मी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीत. मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. जरा सावकाश वाचा. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, शेवटी मकरी म्हणजे मगर धरा. मला तर वाचताना अंगावर काटा आला होता कारण लहानपणी त्या विहिरीत डोकावल्यावर दिसायचं ते हेच सगळं होतं, कपारीत खेकडे, पायऱ्यांवर बेडूक, तळाशी एक म्हातारं कासव जे आजोबांनी आणून सोडलेलं, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. मगर तेवढी नव्हती. लेकीला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, मग त्यांना शेपूट का नाही? मी म्हटलं, शेपूट लागतेच कशाला, नावातच सगळं आलंय.

माझी लेक झाली तेव्हा सव्वा महिन्यानं आज्जीनं मला त्या विहिरीवर नेलं. मी शहरात वाढलेली, पदवी घेतलेली, मनातून थोडी नाखूष होते खरं सांगायचं तर, टाके दुखत होते, ऊन होतं. खाली उतरू दिलं नाही, काठावरच नवीन सात खडे मांडले, हळदकुंकू, खणाचा तुकडा, पाच पसे पाणी ओतायला लावलं आणि बाळाचं कपाळ जमिनीला टेकवलं. आज्जी म्हणाली, हिला ओळखून ठेवा बायांनो. बस, एवढंच. पोरगी कोणाची, नाव काय, मुलगा का नाही झाला, कायसुद्धा नाही. दवाखान्यात, बारशाला, सगळीकडे लोकांनी "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणून समजूत घातल्यासारखं केलं होतं. त्या विहिरीवर कोणी समजूत घातली नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

आमच्या अपार्टमेंटमध्ये अर्धे लोक कन्नड बोलतात, खालच्या मजल्यावर तेलुगू घर आहे, साखर पेठेतून इकडं आलेलं. मी विषय काढला तर शेजारच्या अक्का लगेच म्हणाल्या आमच्यात गंगे पूजे करतात की, लग्नाच्या आधी, बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जाते तेव्हा, आणि खालच्या वहिनी म्हणाल्या आमची गंगम्मा. आणखी खाली तमिळ मुलखात तळ्याकाठी सात कुमारी असतात, कन्निमार, त्या पण सात आणि त्यांना पण बऱ्याचदा नुसते सात दगडच. म्हणजे बघा, भाषा बदलली, पदार्थ बदलले, पण पाण्याकाठी बाया बसलेल्याच. सोलापूरसारख्या गावात राहायचं हे एक सुख आहे, कुठलाही विषय काढा, तीन भाषांतून उत्तर येतं.

लहानपणी मला पक्कं वाटायचं की होटगी रोडचा आपला आसरा चौक याच आसरांचा आहे. रिक्षावाल्यानं "आसरा, आसरा" असा पुकारा केला की मी हात जोडायचे. निवाऱ्याला पण आसरा म्हणतात हे मला कळलं तेव्हा मी चांगली पाचवीत होते. पण आता वाटतं दोन शब्द एकमेकांना भेटले तर बिघडलं कुठं, उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याइतका दुसरा आसरा कुठला.

जलपरी मी पहिल्यांदा बघितली ती गड्ड्याच्या यात्रेत. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर पाळणे, मौत का कुआं, भज्यांची, खाजा-शेवेची दुकानं, आणि एका कोपऱ्यात तंबू, बाहेर कापडावर रंगवलेलं चित्र, अर्धी बाई अर्धा मासा, "जिवंत जलपरी पाहा". मी तिसरीत होते. मामानं तिकीट काढून दिलं. आत पेट्रोमॅक्ससारखा भगभगीत दिवा, फळ्यांच्या चौथऱ्यावर निळं सॅटिन अंथरलेलं आणि त्यावर एक मुलगी आडवी, सतरा-अठरा वर्षांची असेल, कमरेपासून खाली टिकल्या लावलेली शेपटी. शेपटीची शिवण एका बाजूला उसवली होती आणि त्यातनं तिची टाच दिसत होती, भेगा पडलेली, मेंदी लावलेली. लोक हसायले होते. मी टाचेकडेच बघत राहिले. तिला थंडी वाजत होती, जानेवारीची रात्र, अंगात पातळ ब्लाऊज. तिनं माझ्याकडे बघून पापण्या दोनदा मिटल्या. तेवढंच. मी बाहेर येऊन मामाला म्हटलं तिच्याजवळ पाणीच नाही. मामा म्हणाला, अगं ते खोटं असतं. ते मला पण कळलं होतं. पण पाणी का नाही ठेवलं एवढंच मला कळत नव्हतं, आणि आज मोठी झाल्यावर वाटतं की तिला एक शाल तरी द्यायला हवी होती कोणीतरी.

मग ग्रंथालयातून अँडरसनची गोष्ट वाचली, मराठीत, पानं सुटलेलं पुस्तक. हान्स ख्रिश्चन अँडरसननं ती १८३७ मध्ये छापली. ज्यांनी फक्त १९८९ चा डिस्नेचा कार्टून सिनेमा बघितलाय त्यांना मूळ गोष्ट झेपत नाही, सिनेमात शेवटी लग्न होतं, मूळ गोष्टीत चेटकीण तिची जीभच कापून घेते, पाय मिळतात पण प्रत्येक पाऊल टाकताना सुऱ्यांवरून चालल्यासारखं, आणि राजपुत्र लग्न करतो दुसरीशीच. तिच्या बहिणी स्वतःचे केस चेटकिणीला देऊन तिच्यासाठी सुरी आणतात, त्याला मार आणि परत ये. ती मारत नाही. जलपऱ्यांना ३०० वर्षं आयुष्य असतं पण माणसासारखा अमर आत्मा नसतो, मेल्यावर समुद्राचा फेस होतात. माणसाच्या आत्म्यासाठी ती पाणी सोडते. मी रडले होते पुस्तक वाचून, आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून तिला सगळी गोष्ट सांगितली. आज्जीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पाण्यातली बाई वर कशाला आली? तिचं काय कमी होतं तिथं?

ह्या प्रश्नावर मी गेली कित्येक वर्षं विचार करतेय. कोपनहेगनला समुद्रकाठी तिचा ब्राँझचा पुतळा आहे, १९१३ चा, सव्वा मीटर उंच फक्त, १९६४ ला आणि १९९८ ला कोणीतरी तिचं मुंडकं कापून नेलं, पहिल्यांदा नवीन करून बसवलं, दुसऱ्यांदा तेच परत मिळालं. ती अजून जमिनीकडेच तोंड करून बसल्यासारखी वाटते मला फोटोत. आमच्या आसरा कुठं जायला निघालेल्या नाहीत. त्यांना राजपुत्र नको, आत्मा नको. तुम्ही त्यांच्या घरात उतरताय, तर नीट उतरा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि खरं तर जुन्या गोष्टींतल्या बहुतेक पाण्याच्या बाया अशाच आहेत, त्या माणसाकडे येतात ते अट घालून. आपली गंगा घ्या. शंतनूला आधीच सांगते, मी काय पण केलं तरी विचारायचं नाही. सात मुलं ती पाण्यात सोडते आणि तो गप्प, आठव्याला तो बोलतो आणि ती निघून जाते (तो आठवा म्हणजे भीष्म). उर्वशीची अट, तू मला उघडा दिसता कामा नयेस, गंधर्व रात्री वीज चमकवतात, अट मोडते, ती गेली. फ्रान्समध्ये मेल्युझीन आहे, १३९३ च्या सुमाराला लिहिलेली, तिची अट शनिवारी मला बघायचं नाही, नवरा दाराला भोक पाडून बघतो तर ती न्हाणीत आणि कमरेखाली सापाचं शेपूट. स्कॉटलंडच्या वरच्या ऑर्कनी, शेटलंड बेटांवर सेल्की म्हणून आहेत, सील मासे, म्हणजे मासे नव्हेत पण पाण्यातले प्राणी, ते किनाऱ्यावर कातडी उतरवून बाया होतात. माणूस कातडी लपवतो, तिच्याशी संसार करतो, पोरं होतात, आणि एक दिवस पोरांनाच माळ्यावर कातडी सापडते आणि ती सरळ समुद्रात. मला सगळ्यात जवळची ही वाटते. संसार चांगला चाललाय, पोरांवर जीव आहे, पण कातडी सापडली की ती थांबत नाही. आमच्या आळीत अशा दोन-तीन बायका मी बघितल्यात ज्यांना कातडी सापडलीच नाही कधी.

म्हणजे सासरी आलेलं पाणी आहे ते. माहेरी जायला एक पाय कायम तयार.

दुसरी एक जात आहे, ती ओढून नेणारी. कोकणात गिऱ्हा, बुडून मेलेल्याचं भूत, रात्री खाडी ओलांडणाऱ्याला हाका मारून खोल पाण्यात नेतो, आणि त्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याची मग चाकरी करतो. जपानमध्ये कप्पा, पोराएवढा, पाठीवर कासवाची ढाल, डोक्यावर खळगा आणि खळग्यात पाणी, तेच त्याचं बळ. त्याला वाकून नमस्कार करायचा, तो पण वाकतो, पाणी सांडतं, सुटलात. त्याला काकडी आवडते म्हणून तिकडं काकडीच्या सुशीला कप्पामाकी म्हणतात. अजून तिथं नदीकाठी पोहू नका म्हणून लावलेल्या पाट्यांवर कप्पाचं चित्र असतं. इंग्लंडात लँकेशायरकडे जेनी ग्रीनटीथ, हिरव्या दातांची म्हातारी, टिकलीएवढ्या पानांच्या शेवाळानं झाकलेल्या डबक्यात राहते, लहान पोराला वाटतं हिरवळ आहे, पाय टाकला की गेला. रशियाकडे रुसाल्का, उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचा एक आठवडा असतो, तेव्हा नदीत उतरायचंच नाही.

ह्या सगळ्यांचं काम एकच आहे हे कळायला वेळ लागत नाही. मी सातवीत असताना शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा गेला, आमच्या नाही, दुसऱ्या विहिरीत. पट्टीचा पोहणारा. गळ टाकून काढलं. बाया म्हणाल्या आसरांनी ओढलं. विहिरीत पोहलेल्याला माहीत असतं, विहिरीला काठ नसतो, नदीसारखं हळूहळू उथळ होत नाही, दमलं तर धरायला शेवाळलेली भिंत, आणि आवाज दिला तर तो आतल्या आत घुमतो, वर बांधापलीकडे ऐकू जात नाही. आज्जीचा नियम होता भर बाराच्या टायमाला एकट्यानं विहिरीवर जायचं नाही, आसरा न्हायला येतात. आता बघा, बाराला रानात कोण असतं? सगळे भाकरी खायला झाडाखाली, नाही तर घरी. हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. बंद पडलेल्या विहिरीत एकदम उतरायचं नाही, आधी बायांना विचारायचं, हा दुसरा नियम. विचारायचं म्हणजे काय तर कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. विझला तर त्यांची परवानगी नाही. गाळ काढायला उतरलेली माणसं एकामागोमाग एक मरतात ना, पहिल्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, ते प्राणवायू कमी पडून आणि खाली साचलेल्या जड वायूनं. कंदील विझणं ही त्याचीच खूण. सगळे विषारी वायू मात्र कंदिलाला कळत नाहीत, त्यामुळे आज कोणी फक्त कंदिलावर विसंबून उतरू नका, हे हात जोडून सांगते.

पण एवढ्यावर सोडलं तर आज्जीवर अन्याय होईल. तिला आसरा म्हणजे पोरं घाबरवायची युक्ती नव्हती. ती त्यांच्याशी बोलायची. भाव पडला, सून बोलली, म्हैस आटली, सगळं सहाव्या दगडावर बसून सांगायची. घरात तिचं ऐकायला कोणाला वेळ होता?

हे सगळं लेकीला तुकड्यातुकड्यानं सांगत होते, कधी रात्री, कधी स्कूटीवर. तिला सगळ्यात आवडलं ते कोलंबसचं. १४९३ च्या जानेवारीत त्याला समुद्रात तीन जलपऱ्या दिसल्या आणि त्यानं नोंद केली की चित्रात दाखवतात तेवढ्या काय सुंदर नाहीत. त्या मॅनेटी असणार, समुद्रगायी. त्यांची चुलत बहीण ड्युगाँग आपल्या भारतात आहे, कच्छच्या आखातात, अंदमानला, तमिळनाडूच्या पाल्क उपसागरात, समुद्रातलं गवत खाते, पिल्लाला दूध पाजते, काखेजवळ आचळ असतात तिला. २०२२ मध्ये तमिळनाडूनं तिच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखून ठेवला. लेक म्हणाली, बिचारी गवत खाती आणि ते काय सुंदर नाही म्हणतंय.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पश्चिम आफ्रिकेची. तिथं मामी वाटा म्हणून पाण्याची देवी आहे, लांब केस, गळ्यात साप, पैसा देते, वेड लावते. तिचं जे चित्र देवघरात लागतं ते मूळचं १८८० च्या दशकात जर्मनीत हॅम्बुर्गला छापलेलं, सापांचे खेळ करणाऱ्या एका बाईचं पोस्टर. ते जहाजांवरून आफ्रिकेत गेलं, लोक म्हणाले अरे ही तर आपली मामी वाटा. आणि १९५५ मध्ये घानातल्या व्यापाऱ्यांनी ते परत छापून घेतलं ते कुठं, तर आपल्या मुंबईत, श्रीराम कॅलेंडर कंपनीत! जिथं लक्ष्मी-सरस्वतीची कॅलेंडरं छापली जायची तिथंच आफ्रिकेची पाण्याची देवी छापली गेली. छापखान्यातल्या कोणा कामगारानं तो गठ्ठा बांधताना नकळत नमस्कार केला असेल, मला खात्री आहे. आपल्याकडची माणसं लांब केसांची बाई कागदावर दिसली की पायाखाली येऊ देत नाहीत.

रविवारी संध्याकाळी लेकीला घेऊन सिद्धेश्वर तळ्यावर गेले. हे तळं १२ व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं, मध्ये देऊळ, चारी बाजूनं पाणी. भिंतीला टेकून उभे होतो तर तिनं विचारलं, हे माणसांनी खणलंय ना, मग इथं आसरा कशा येतील? हाच प्रश्न मी पण याच भिंतीला टेकून आज्जीला विचारला होता. आज्जी म्हणाली होती, पाणी लागलं की येतात, त्यांना काय पत्रिका द्यावी लागती होय.

मग मामानं बोअर मारलं ते वर्ष आलं. ऊस लावला होता, विहिरीचं पाणी मार्चमध्येच तळाला गेलं होतं. रिग आली, दोन रात्री घरघर, पांढरी धूळ सगळ्या शिवारावर, ५४० फुटांवर पाणी लागलं. सगळे ओरडले, पेढे वाटले. आज्जीला खुर्चीवर बसवून तिथं नेलं, नारळ तिच्या हातानं फोडायचा म्हणून. सहा इंची केसिंग पाईप, त्यातनं गढूळ पाणी उसळत होतं. आज्जीनं नारळ फोडला, हळदकुंकू हातात घेतलं आणि मग ती पाईपाकडे बघत नुसती बसली. मामा म्हणाला लाव की आई. ती म्हणाली, "ह्यात त्या बसतील कुठं? बसायला जागा लागती की त्यांला."

कोणी काही बोललं नाही. तिनं हळदकुंकू पाईपाला न लावता पदराला बांधलं आणि घरी आल्यावर जुन्या विहिरीकडे जाऊन टाकलं असणार, कारण रात्री पदर मोकळा होता. ते बोअर तीन वर्षं चाललं. मग आटलं, शेजारी दुसरं मारलं. त्याच्या आसपासच आज्जी गेली. विहिरीत आता पावसाळ्यात चार-पाच हात पाणी येतं, दिवाळीनंतर सुकतं, वरच्या अंगाला वेडी बाभूळ माजलीय, अर्धी विहीर मुरुमानं भरलीय. मामा पूर्ण बुजवायची म्हणत होता, मामीनं थांबवलं. मामी बोलत काहीच नाही पण कोनाड्यातले खडे दरवर्षी शेंदरानं लाल असतात.

ह्या अमावस्येला लेकीला घेऊन गेले. खाली उतरता येत नाही आता, वरचे दोन दगड निसटलेत. काठावरच सात खडे मांडले, तिनंच बांधावरून निवडून आणले, प्रत्येक वेगळ्या रंगाचा हवा म्हणून हट्ट, एक तर चक्क विटेचा तुकडा होता, तो पण चालवून घेतला. दहीभात केळीच्या पानावर, हिरव्या बांगड्या. तिनं मला विचारून विचारून सगळ्या सात नावांनी हळद वाहिली, जतुपीला अडखळली, परत म्हटली. मी आज्जीसारखं "बायांनो" म्हणाले आणि पुढचं काही सुचलं नाही, घसा भरून आला होता. मग लेकच म्हणाली, ही माझी आई, हिला पण ओळखून ठेवा.

नैवेद्य ठेवल्यावर मागं वळून बघायचं नसतं. आम्ही बांधावरून चालत निघालो, मी सरळ पुढं बघून. ती वळली. मला तिच्या पावलांवरून कळलं.

"काय दिसलं?"

"काय नाही. एक मुंगूस भात खायलंय."